वाचकांचे प्रश्न : सगळे रणगाडे सारखेच दिसतात, पॅटन ओळखायचा कसा?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन नागपूरहून अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघायला जाणार आहोत. कसं जावं? किती वेळ लागेल? (मानेवाडा)

उत्तर : महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून मनमाडमार्गे थेट नगरला जाते, गाडी बदलावी लागत नाही. संग्रहालय सोलापूर रस्त्याला, फऱ्याबागेकडे आहे. स्टेशनवरून रिक्षा करा. लष्कराच्या रणगाडा दलाच्या (आर्मर्ड कोअर) प्रशिक्षण केंद्राने ते १९९४ मध्ये उभं केलं. लष्कराची जागा आहे, म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. उघडं असण्याचे वार आणि वेळ निघण्याआधी विचारून घ्या. पन्नासच्या आसपास गाड्या आहेत, तेव्हा तीन तास ठेवा आणि सकाळी लवकर पोहोचा. उन्हातलं पोलाद दिवाळीतसुद्धा चांगलंच तापतं, मुलांचे हात सांभाळा.

प्रश्न : मागच्या खेपेला तासाभरात सगळं बघून झालं आणि लक्षात काहीच राहिलं नाही. पॅटन म्हणून फोटो काढला तो पॅटनच होता का, हेही सांगता येईना. (धरमपेठ)

उत्तर : तासाभरात पन्नास गाड्या म्हणजे एकीला सव्वा मिनिट. त्यात फक्त पाट्या वाचून होतात. चारच निवडा, पण प्रत्येकीला पूर्ण फेरी मारा.

पॅटन या अमेरिकी रणगाड्यापासून सुरुवात करा. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानने गमावले ते हेच. पॅटन म्हणजे एकच रणगाडा नव्हे, एम-४७ आणि एम-४८ वेगळे. दोघांवर तोफ ९० मिलिमीटरचीच, त्यामुळे नळीवरून फरक कळत नाही. चाकं मोजूनही फसायला होतं. खाली दोघांना प्रत्येक बाजूला सहा, आणि पट्ट्याला वरून आधार देणारे छोटे रोलर एम-४८ च्याच निरनिराळ्या आवृत्त्यांत कमी-जास्त आहेत. म्हणून समोर जाऊन खाली वाका. एम-४८ चा पुढचा भाग होडीच्या तळासारखा गोलसर, एकसंध ओतलेला. एम-४७ ला चालकाच्या शेजारी बसणाऱ्या पाचव्या माणसाची मशीनगन पुढच्या पत्र्यातून बाहेर येते. एम-४८ मध्ये तो माणूसच काढून टाकला, चौघेच राहिले. टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, तोही पाहा : एम-४७ चं अरुंद आणि मागे लांब गेलेलं, एम-४८ चं कासवाच्या पाठीसारखं.

मग फ्रेंच एएमएक्स-१३. याचं टरेट दोन तुकड्यांचं असतं. तोफ वर-खाली करायची तर टरेटचा वरचा अर्धा भागच झुकतो, आणि दोन्हींमधल्या फटीवर रबरी-कापडी पडदा असतो. तोफ आणि गोळे भरणारं यंत्र एकाच तुकड्यात बसवल्यामुळे त्यांची रेषा चुकत नाही. वजन जेमतेम १५ टन, म्हणूनच १९६२ मध्ये हे रणगाडे एएन-१२ या मालवाहू विमानातून लडाखमधल्या चुशूलला उतरवता आले. पॅटन ४५ टनांच्या घरात. तो त्या विमानात मावलाच नसता.

पीटी-७६ हा रणगाडा मात्र मागून बघा. पाण्याचा झोत सोडणारी दोन तोंडं दिसतील, पुढे पाणी अडवणारी घडीची फळी. हा तरंगतो, पण त्यासाठी चिलखत पातळ ठेवावं लागलं.

चौथी रोल्स-रॉइसची चिलखती गाडी. तिथे पत्र्यांचे जोड रिव्हेटचे आहेत. ते पाहून मग पॅटनच्या ओतीव अंगाकडे परत या.

फोटोत चाकं काळी येतात, कारण वरचा भाग उन्हात आणि खालचा सावलीत. मोबाईलवर सावलीतल्या चाकाला बोट लावून उजेड ठरवा.

प्रश्न : दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात मुलांना काय दाखवावं? (कामठी रोड)

उत्तर : वापिटी आणि नॅट ही दोन विमानं, लागोपाठ. वापिटी दोन पंखांच्या जोडीचं, मध्ये तारा ताणलेल्या; १९३३ मध्ये आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी याच विमानांवर उभी राहिली. नॅट १९६५ मध्ये पाकिस्तानच्या सेबर जेटना पुरून उरलं. त्याचा पंखविस्तार पावणेसात मीटरच्या आत आहे. मुलांना पावलांनी मोजू द्या. चाकांची झाकणं जवळून बघा : हवेत चाकं अर्धवट उघडली की तीच ब्रेकचं काम करायची.

कोणत्याही विमानाच्या नाकातून किंवा पंखातून पुढे आलेली बारीक नळी हवेचा वेग मोजण्यासाठी असते. ती अनेकदा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते, तिच्याजवळ पळू देऊ नका.