तलावावरच्या खुल्या वल्हे शर्यतीत पहिल्यांदाच उतरताना तयारी कशाची करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ४५, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा कयाक चालवण्याचा सराव, आणि आता सर्वांसाठी खुली असलेली ५ किलोमीटरची शर्यत, जिच्यात कयाक, कॅनू, उभ्याने वल्हवायचे पॅडल बोर्ड आणि रोइंगच्या होड्या असे सगळेच उतरणार आहेत. आपल्याला भीती दोन गोष्टींची वाटते, शेवटचा क्रमांक येण्याची आणि होडी उलटण्याची. उरलेल्या सहा आठवड्यांत दंडांची ताकद वाढवावी का आणि एकट्याने उतरावे की जोडीने, असे आपण विचारले आहे.

अवश्य उतरा, पण हे सहा आठवडे दंड कमावण्यात घालवू नका. मी अशा शर्यतींत चार वेळा उतरलो आहे, तीनदा कयाकमधून आणि एकदा चौघांच्या रोइंगच्या होडीतून. पहिल्या वेळी माझ्या अंगात आजच्यापेक्षा निश्चितच जास्त जोर होता आणि तरीही माझी सर्वांत वाईट वेळ त्याच शर्यतीत नोंदली गेली, कारण मी तो जोर पाच किलोमीटर सरळ जाण्याऐवजी नागमोडी जाण्यात खर्च केला. नवशिक्याचा वेळ मुख्यतः दोन ठिकाणी वाया जातो : होडी सरळ न राहण्यात आणि सुरुवातीच्या तीन मिनिटांत.

आधी सरळ जाण्याविषयी. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे अंदाजे १५ अंशांनी भरकटत राहिली, तर ५ किलोमीटरच्या मार्गात सुमारे पावणेदोनशे मीटर जास्तीचे अंतर कापावे लागते; आणि हे नुकसान वरवरचेच आहे, कारण प्रत्येक वेळी दिशा दुरुस्त करण्यासाठी जो आडवा किंवा उलटा हात मारावा लागतो, तो होडीला चक्क ब्रेक लावतो. यावर उपाय दोन आहेत. वल्ह्याचे पाते पायांच्या पंजांजवळ पाण्यात घालावे आणि कमरेशी आले की लगेच बाहेर काढावे, कारण कमरेच्या मागे गेलेले पाते होडीला पुढे ढकलण्यापेक्षा वळवण्याचेच काम अधिक करते. हे करताना खेचणे हातांनी नव्हे, तर कंबर आणि पाठ वळवून व्हायला हवे. सरावानंतर दंड दुखत असतील आणि पोटाच्या बाजू दुखत नसतील, तर पद्धत चुकते आहे असे समजावे. दुसरा उपाय नजरेचा आहे. नाळेकडे पाहत वल्हवू नका. समोरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी पाण्यावरची तरंगती खूण, आणि त्याच्या मागे पलीकडच्या काठावरचे एखादे झाड अशा दोन खुणा एका रेषेत धरा. झाड बोयाच्या डावीकडे सरकलेले दिसले, तर आपण डावीकडे वाहवत गेलो आहोत हे शंभर मीटर भरकटण्याआधीच कळते.

बाजूने वारा असताना ही युक्ती फारच उपयोगी पडते. बहुतेक कयाक आडव्या वाऱ्यात वारा जिकडून येतो तिकडे आपोआप तोंड वळवतात आणि नवशिक्याला वाटते की आपलाच एक हात कमजोर आहे. मलाही तसेच वाटले होते आणि डाव्या हातासाठी महिनाभर स्वतंत्र व्यायाम करून मी काहीही साधले नाही. होडीला सुकाणू किंवा खाली सोडता येणारी पट्टी असेल, तर ती अशाच वेळी वापरायची असते. आणखी एक गोष्ट म्हणजे वारा जितक्या लांब पाण्यावरून वाहत येतो तितक्या लाटा मोठ्या होतात, म्हणून एकाच तलावाच्या एका काठाला पाणी शांत आणि समोरच्या काठाला खवळलेले असू शकते. सराव फक्त शांत काठाला करू नका.

आता त्या पहिल्या तीन मिनिटांविषयी. भोंगा वाजतो, आजूबाजूच्या पंचवीस-तीस होड्या एकदम सुटतात आणि माणूस नकळत त्यांच्या वेगाने हात मारू लागतो. पाण्याचा हिशेब मात्र कठोर आहे : पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती घनाने वाढते, म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायला सुमारे एक तृतीयांश जास्त शक्ती लागते. शिवाय होडी पुढे जाताना स्वतःची एक लाट उभी करते आणि होडी जितकी आखूड, तितकी ती लवकर त्या लाटेत अडकते. ३ मीटर लांबीच्या रुंद कयाकला ताशी ७-८ किलोमीटरच्या पुढे नेणे म्हणजे स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहणे होय. ५ मीटरच्या अरुंद होडीला ही मर्यादा ताशी १० किलोमीटरच्या आसपास येते. म्हणून शेजारची लांब होडी सहज पुढे निघून गेली, तर तिच्यामागे धावू नका. तो माणूस आपल्यापेक्षा बळकट असेलच असे नाही. सरावात जो वेग आपण तासभर बोलत बोलत टिकवू शकता, त्यापेक्षा किंचित जास्त वेगाने सुरुवात करा आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये हवे तेवढे झोकून द्या.

उभे राहण्याची जागासुद्धा विचारपूर्वक निवडा. पहिल्या रांगेच्या मध्यभागी लाटा आणि धक्के सर्वाधिक असतात, त्यामुळे दुसऱ्या रांगेचा कडेचा भाग उत्तम. पहिल्या बोयाच्या वळणावर सगळे आतल्या बाजूने घुसतात, तेथे दोन होड्यांची रुंदी बाहेरून जाणे बहुधा जास्त जलद ठरते.

मिश्र शर्यतीत एक धोका असा असतो की त्याची कल्पना कयाकवाल्यांना नसते. कयाक आणि कॅनूमध्ये आपण जाण्याच्या दिशेकडे तोंड करून बसतो आणि वल्हे मोकळे हातात असते. रोइंगमध्ये वल्हे होडीला जोडलेल्या आधारात अडकवलेले असते आणि बसणाऱ्याची पाठ पुढे असते. चौघांच्या होडीत मी बसलो, तेव्हाच हे मला खऱ्या अर्थाने समजले. सरकत्या बैठकीमुळे जोर प्रामुख्याने पायांचा लागतो, होडी विलक्षण वेगाने निघते आणि समोर काय आहे हे कोणालाच दिसत नाही. एकट्याची रोइंगची शर्यती होडी साधारण ८ मीटर लांब असते आणि दोन्ही वल्ही पसरली की त्यांच्या टोकांमधले अंतर साडेपाच मीटरांच्या आसपास भरते. तिच्या टोकाला रबरी गोळा बसवलेला असतो, तो शोभेसाठी नव्हे. अशी होडी मागून येताना दिसली, तर तिने आपल्याला पाहिले आहे असे गृहीत धरू नका. मोठ्याने हाक मारा आणि आपली दिशा अचानक बदलू नका, म्हणजे तिला वळसा घेता येईल. रोइंगच्या होड्या वेगळ्या वेळी सोडणार आहेत का, हे आयोजकांना आधी विचारा. मी भाग घेतलेल्या एका शर्यतीत सगळ्यांना एकत्र सोडले होते आणि पहिल्याच बोयाजवळ तीन वल्ह्यांचा गुंता झाला.

उलटण्याची भीती विचार करून जात नाही, उलटूनच जाते. काठाजवळ, छातीभर पाण्यात, सोबत कोणीतरी असताना, शर्यतीच्याच कपड्यांत आणि लाइफ जॅकेट घालून किमान पाच वेळा मुद्दाम उलटा. जॅकेट खांद्यांना धरून कोणाला तरी वर ओढायला सांगा; ते कानांपर्यंत सरकले, तर पट्टे सैल आहेत किंवा माप चुकले आहे. पाणी १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, तर अचानक पडल्यावर श्वास अनावर होतो आणि त्या वेळी पहिले मिनिटभर काहीही न करता, होडीला धरून, श्वास ताब्यात येईपर्यंत थांबणे हेच काम असते. होडी सोडून काठाकडे पोहू लागणे ही सर्वांत मोठी चूक आहे. उलटलेली होडी तरंगते आणि बचाव पथकाला दुरून दिसते, एकटे डोके दिसत नाही.

शेवटच्या क्रमांकाविषयी एवढेच सांगतो की निकाल बहुधा होडीच्या प्रकारानुसार लावले जातात, त्यामुळे रोइंगवाले पंधरा मिनिटे आधी पोहोचले तरी आपल्या निकालाला त्याचा स्पर्श होत नाही. कमाल वेळेची अट आहे का, ते मात्र पाहून ठेवा. एकदा मी खरोखरच शेवटचा आलो होतो. शेवटचा दीड किलोमीटर बचाव बोट माझ्या मागे मागे येत होती, तिच्यातला माणूस कंटाळून जांभया देत होता आणि मला ते स्पष्ट दिसत होते. यापलीकडे काही बिघडले नाही.

राहिला प्रश्न एकट्याने की जोडीने, याचा. आपल्याबरोबर सहा आठवडे नियमित सराव करणारा साथीदार असेल, तर जोडीची होडी लांब असल्याने जलद जाते आणि बहुधा अधिक स्थिर वाटते. पण मागच्याने पुढच्याच्या हाताशी आपला हात अचूक जुळवावा लागतो, अन्यथा वल्ह्यांवर वल्ही आपटतात. म्हणून लय सांभाळणारा पुढे आणि सुकाणू हाताळू शकणारा मागे बसवावा. शर्यतीच्या आठवड्यात भेटलेल्या उत्साही मित्राबरोबर मात्र जोडी करू नका. साथीदार आजच ठरत नसेल, तर एकट्याचेच नाव नोंदवा.