४० डब्यांतले २५ एकाच घरी

प्रश्न : मी घरी फराळ करून स्वतःच्या वेबसाइटवर विकते. साइट वर्डप्रेस-वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आहे. अनारशांचे ४०च डबे होतात. गेल्या दिवाळीत एकाच ग्राहकाने २५ डबे घेतले आणि दरवर्षी घेणारी माणसं रिकाम्या हाती राहिली. मर्यादा घालावी का? लोक दुखावतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, जरूर घाला, पण फक्त अनारशांना. चिवडा संपला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा परतता येतो. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलणार, मग सुकवणं, दळणं, गुळात पीठ मुरवणं. ऐन वसुबारसेला पीठ संपलं की तुम्ही तरी काय करणार?

वूकॉमर्समध्ये उत्पादनाच्या ‘इन्व्हेंटरी’त, म्हणजे साठ्याच्या भागात, ‘सोल्ड इंडिव्हिज्युअली’ अशी चौकट आहे. तिथे खूण केली की एका ऑर्डरीत एकच नग जातो. तुम्हाला दोन-तीन डबे द्यायचे असतील, तर कमाल संख्या ठरवणारं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचं वेगळं सॉफ्टवेअर, लागेल. ‘इन्व्हेंटरी’तच ४० हा साठाही नोंदवा आणि ‘बॅकऑर्डर’, म्हणजे साठा संपल्यावरही ऑर्डर घेणं, बंद ठेवा.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. मी देवगडहून हापूस पाठवतो. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात ‘कमाल दोन पेट्या’ असं लावलं होतं. एक डझन आणि दोन डझन हे एकाच आंब्याचे दोन प्रकार म्हणून टाकलेले. मर्यादा प्रत्येक प्रकाराला वेगळी लागली. एका गृहस्थांनी दोन्हींच्या दोन-दोन पेट्या घेतल्या, म्हणजे सहा डझन. त्यांचा काय दोष? साइट देत होती, त्यांनी घेतलं. तुमच्याकडे पाव किलो आणि अर्धा किलो असे प्रकार असतील, तर सगळे मिळून मोजले जातात का, हे आधी बघा. स्वतः गिऱ्हाईक होऊन बघा : दोन डबे टोपलीत (‘कार्ट’मध्ये) टाका, मागे या, परत दोन टाका. पुष्कळदा आकडा फक्त उत्पादनाच्या पानावर अडतो आणि टोपलीत चार होतात.

शिवाय ही मर्यादा ऑर्डरीला असते, माणसाला नाही. तोच माणूस तीनदा ऑर्डर करू शकतो. ४० डब्यांसाठी मी यंत्राच्या मागे लागणार नाही. रोज रात्री मोबाइल नंबर आणि पत्ते डोळ्यांखालून घाला, तोच नंबर पुन्हा दिसला तर फोन करा.

‘होल्ड स्टॉक’ही बघून घ्या. पैसे न भरता सोडलेली ऑर्डर डबे अडवून ठेवते, आणि ही मुदत मुळात ६० मिनिटांची असते. सणाच्या गर्दीत ती मी २० करतो.

दुखावण्याचं म्हणाल, तर माणूस पत्ता भरून पैसे द्यायला आला की ‘इतके मिळणार नाहीत’ असं दिसतं, तेव्हा तो चिडतो. म्हणून किमतीच्या शेजारीच लिहा : ‘अनारसे ४० डबेच होतात, एका घरी दोन.’ कारण कळलं की माझ्याकडे तरी कोणी भांडलेलं नाही.

आणि ते २५ डबेवाले? त्यांना दसऱ्याआधीच फोन करा. किती हवेत ते विचारा, आगाऊ रक्कम घ्या आणि त्यांचे तांदूळ वेगळे भिजत घाला. ते डबे साइटवरच्या ४०मध्ये धरू नका.