लेक फोनवर रोज चिडते, परत बोलावून घेऊ का?

‘मॅडम, पोरगी तिकडं सुखात नाही. परत बोलावून घेऊ का?’ मी समुपदेशक आहे. हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील सांगलीत आता मला वरचेवर भेटतात. कुणाची मुलगी दुबईत, कुणाची जर्मनीत. विश्रामबागेतल्या एका काकूंची होती मॉरिशसमध्ये. दोघींच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची गोष्ट इथे सांगते आहे.

लेक फिजिओथेरपिस्ट. लग्नाआधी मिरजेत चांगलं काम होतं. जावई आयटीत, नोकरी एबेनला आणि घर वाक्वा या गावात. हे गाव मॉरिशस बेटाच्या मधल्या पठारावर आहे. तिथे पाऊस आणि ओल पाठ सोडत नाही. नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर मॉरिशस म्हणजे निळा समुद्र आणि हनिमूनचे फोटो. लेकीचे फोन मात्र वेगळंच सांगायचे. कपाटातल्या सिल्कच्या साडीवर बुरशी आली. बँकेतून पुन्हा एका कागदासाठी परत पाठवलं. मिक्सरचं भांडं बिघडलं, नवं जहाजातून येईल तेव्हा येईल. गुरुवारी दुपारनंतर आसपासच्या गावांतली दुकानं बंद, संध्याकाळी बस लवकर थांबतात. बाजारात, डॉक्टरकडे, समुद्रावर, जिकडे जावं तिकडे नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी ना कुणी भेटतंच. आणि व्यवसायाच्या नोंदणीचे कागद अडकलेले असल्यामुळे ती घरीच.

‘आई, सगळं बेट उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटर आहे. आपल्या घरातून निघून कराड गाठायच्या आत समुद्र लागेल,’ असं ती एकदा म्हणाली आणि रडायलाच लागली. त्या रात्री काकूंना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.

अशा वेळी मी आधी काही गोष्टी विचारून घेते आणि प्रत्येक आईवडिलांनी त्या विचाराव्यात असं मला मनापासून वाटतं. जावई हात उगारतो का? तिचा पासपोर्ट, पैसे, फोन तिच्याच हातात आहेत का? झोप आणि जेवण कसं आहे? सलग दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास आहे का, आवडीच्या गोष्टीतही रस वाटेनासा झालाय का? जगणं नको असं कधी बोलली का? यातलं काही असेल तर तो चिडचिडीचा प्रश्न राहत नाही. मग तातडीने मदत लागते, आणि परत आणायचं असेल तर खुशाल आणावं. नंतर मी लेकीशी व्हिडिओवर एकटीशी बोलले तेव्हाही हेच विचारलं. तसं काही नव्हतं. जावई समजूतदार होता, ती जेवत होती, पुस्तकं वाचत होती, भांडत होती, हसतही होती. परक्या जागी रुजताना माणूस जसा चिडतो तशी ती चिडत होती.

मग अडत कुठे होतं? मी काकूंना म्हटलं, ‘मी तुमची लेक. आता फोन आलाय असं समजा.’ आणि म्हणाले, ‘आई, आज पुन्हा बँकेतून परत पाठवलं.’ काकूंचं उत्तर तयारच होतं. ‘मग जावईबापूंना घेऊन जा ना सोबत.’ मी म्हटलं, ‘साडीवर बुरशी आली गं.’ ‘कडुनिंबाचा पाला ठेव. नाहीतर असं कर, तू येच इकडं.’ माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत दोन उपाय आणि एक परतीचं तिकीट!

काकूंच्या मायेबद्दल शंकाच नव्हती. पण ‘परत ये’ हे वाक्य लेकीला कसं ऐकू जातं? तुझा निर्णय चुकला, तुला जमलं नाही, असं. मग ती तोंड मिटते किंवा जास्त भडकते. काका मागून म्हणायचे, ‘लोकांना असलं नशीब मिळत नाही.’ त्याने तर तिला स्वतःच्या रडण्याचीच लाज वाटू लागली होती.

हे काकूंना समजावून सांगणं सोपं नव्हतं. मध्यंतरी तिकडे चक्रीवादळाचा इशारा आला होता. तिथे हे इशारे एकपासून चारपर्यंत चढत जातात. तिसरा लागला की कामधंदे, बसगाड्या थांबतात आणि लोक घरात बसतात. लेकीने अंधाऱ्या घरातून फोन केला आणि काकू ओरडल्या, ‘मिळेल त्या विमानानं नीघ.’ विमानतळ बंद होता. फोन तिथेच तुटला.

मी विचारलं, ‘काकू, २०१९ च्या पुरात तुम्ही कुठं होता?’

त्या सांगू लागल्या. त्यांचं जुनं घर तेव्हा गावभागात होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेलेली, खालचा मजला पाण्यात आणि हे सगळे वरच्या मजल्यावर. लाइट नाही. मोबाइलची बॅटरी जपून वापरायची आणि तेवढ्यात पुण्याहून, मुंबईहून एकामागून एक फोन. ‘अजून तिथंच का बसलाय? आधीच निघायचं नाही का?’

‘कुणाच्या फोननं बरं वाटायचं?’

काकू जराशा थांबल्या. ‘नणंदेच्या. ती उपदेश करायची नाही. विचारायची, पाणी कितव्या पायरीला आलंय? दूध आहे का? आणि मी सांगेन ते ऐकत बसायची.’ हे बोलता बोलताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यापुढे मला फारसं काही समजवावं लागलं नाही.

मग आम्ही सराव केला. तक्रार ऐकली की आधी एक प्रश्न विचारायचा, उपाय मागितला तरच द्यायचा. ‘बँकेतला माणूस काय म्हणाला गं?’ ‘कुठली साडी, हिरवी की जांभळी?’ फोनची वेळही बदलली. मॉरिशसचं घड्याळ आपल्या मागे दीड तास. काकूंचा सकाळी सातचा फोन तिथे साडेपाचला वाजायचा आणि अर्धं भांडण त्या झोपमोडीतच सुरू व्हायचं.

सणांचा भाग जास्त नाजूक होता. गणपतीत काकू सांगलीहून थेट दाखवायच्या: संस्थानच्या गणपतीची पाचव्या दिवसाची मिरवणूक, घरची आरती, गौरीचा फराळ, ताटाभोवती जमलेली सगळी भावंडं. लेक दोन मिनिटं बघायची आणि नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवायची. मला ती म्हणाली, ‘मॅडम, सण आला की पोटात खड्डा पडतो. मी नटून फोटो पाठवते. आईला वाईट वाटायला नको ना. मग तो राग दुकानदारावर नाहीतर नवऱ्यावर निघतो.’

खरं तर ती अशा देशात होती जिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. इंग्रजांच्या काळात ऊसमळ्यांवर कराराने गेलेल्या मजुरांमध्ये मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांनी गणपती, देवळं, झाकरीची लोकगाणी जपली आहेत आणि तिथल्या शाळांत मराठी शिकताही येते. शेजारच्या गल्लीतल्या अशाच एका आजींनी तिला बोलावलंही होतं. ती एकदा जाऊन आली आणि परत गेली नाही. ‘त्यांची आरतीची चाल वेगळी आहे, आपसात तिथली क्रिओल भाषा बोलतात. ते आपल्यासारखं वाटत नाही.’

तिचं हे म्हणणं मी खोडून काढलं नाही. सांगलीचा सण तिथे मिळणार नव्हता आणि त्याचं दुःख खरं होतं. ते आधी मोकळं होऊ द्यावं लागतं. सणाच्या दिवशी फोटो न पाठवता आईला एकदा सरळ सांग, ‘मला आज घरची फार आठवण येतेय,’ एवढंच मी सुचवलं. तिने ते नागपंचमीला सांगितलं. काकूंनी उपाय दिला नाही. दोघी फोनवर रडल्या आणि मग बराच वेळ दिंडांच्या सारणाबद्दल बोलत बसल्या.

त्या वर्षी गणपतीला लेक आजींकडे मोदक वळायला गेली. आजींना मोदकाच्या कळ्या पाडता येत होत्या, पण त्यांची बोटं दुखायची. हिने आजींची बोटं हातात घेऊन सांधे कसे हलवायचे ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात आजींच्या दोन मैत्रिणी गुडघे दाखवायला आल्या. तिने त्यांना उठण्या-बसण्याची साधी रीत सांगितली आणि उपचारांसाठी तिथल्या दवाखान्यात जायला सांगितलं, कारण तिची नोंदणी अजून झालेली नव्हती. पण कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला तिच्या कामाबद्दल काही विचारलं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बुरशी दर पावसात येते, कागद पुढे सरकतात तसे अडकतातही. काकूंच्या तोंडून अधूनमधून ‘येच तू’ निघून जातं. मधल्या काळात त्यांचंही एकटेपण वर आलं. लेक गेल्यापासून त्यांनी भजनी मंडळ सोडलं होतं. दिवसातले दोन फोन एवढाच त्यांचा दिवस उरला होता. त्यावर आम्ही वेगळं काम केलं. तुमच्यापैकी कुणाला अशा काळजीत रात्री झोप लागत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. समुपदेशकाकडे जाण्याआधी तिथेही बोलता येतं.

शेवटच्या भेटीत काकूंनी विचारलं, ‘दिवाळीला ये म्हणू का तिला? की तेही म्हणायचं नाही?’

मी म्हटलं, ‘जरूर म्हणा. फक्त तिथं तुझे हाल होतात म्हणून ये, असं नको. तुम्हाला ती हवी आहे, तेच सांगा.’

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. ‘अगं, दिवाळीत मला तू हवी आहेस. जमेल का?’ पलीकडून आधी तिकिटाच्या दरावरून कुरकुर ऐकू आली, मग जावयाच्या सुट्टीवरून. काकूंनी विचारलं, ‘किती सांगतायत तिकीट?’ आणि पदराने चष्मा पुसत पुढचं ऐकू लागल्या.