वाचकांचे प्रश्न : पाण्याखालचे ड्रोन

प्रश्न : दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे स्वयंचलित यान बनवलं. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, मग असं यान वाट कशी धरतं? भर पावसाळ्यात झुआरी नदीच्या तोंडाशी सुरुंग शोधायला ते चालेल का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : यान किती वळलं, किती सरकलं याचा हिशेब जायरो आणि त्वरणमापक ठेवतात, पण त्यातली चूक साचत जाते. तिला आवर घालतो डॉप्लर लॉग. तो तळाकडे चार तिरके ध्वनिझोत सोडतो आणि परत येणाऱ्या आवाजाच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग काढतो. तरीही अर्धा टक्का चूक धरली, तर चार किलोमीटरवर २० मीटर होतात. गढूळ पाण्यात पाणबुड्याला तेवढ्यात सुरुंग सापडायचा नाही. म्हणून यान मधूनमधून वर येऊन जीपीएस घेतं.

पावसाळ्यात खरी गोची वजनाची होते. समुद्राचं पाणी घनमीटरला १,०२५ किलो भरतं, गोडं १,०००. ५० लिटर आकारमानाच्या यानाला समुद्रात ५१.२५ किलो उचल मिळते. मोटर बंद पडली तरी ते वर यावं म्हणून वजन ५१ किलो ठेवलेलं असतं. पुरामुळे घनता १,०१० वर आली की उचल उरते ५०.५ किलो. म्हणजे यान अर्धा किलो जड झालं. मोटर चालू आहे तोवर पंखांच्या जोरावर तरेल, थांबली की थेट गाळात. तेव्हा प्रत्येक फेरीआधी वरपासून तळापर्यंत क्षारता आणि तापमान मोजा आणि सर्वांत हलक्या थराला धरून यानात वजनासाठी ठेवलेलं शिसं काढा. मग खालच्या खाऱ्या थरात यान वर उसळू पाहतं, नाक दाबून चालवावं लागतं, बॅटरी लवकर उतरते. ते पत्करावं, यान गमावू नये.

गाळात पुरता गाडलेला सुरुंग मात्र साइड-स्कॅन सोनारला, म्हणजे दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून तळाचं चित्र काढणाऱ्या यंत्राला, सहसा दिसत नाही. ओळख पटते ती वस्तूच्या आड ध्वनी न पोचल्याने पडणाऱ्या सावलीवरून, आणि गाडलेल्याला सावली नसते.

प्रश्न : सुरुंग दिसला की यान स्वतःच तो उडवतं का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नाही. शोध आणि प्राथमिक वर्गवारी यंत्रावर सोपवता येते. खात्रीसाठी बहुधा केबलने जोडलेलं कॅमेऱ्याचं यान जातं आणि स्फोटाचा निर्णय माणूस घेतो. तो माणसाकडेच राहायला हवा, कारण बुडालेलं पिंपही सोनारवर सुरुंगासारखं दिसतं. नौदलाचं शेवटचं सुरुंगशोधक जहाज आयएनएस कोझिकोड २०१९ मध्ये निवृत्त झालं, त्यामुळे या यानांची निकड मोठी आहे.

प्रश्न : ट्रॉलरच्या जाळ्यात असल्या यानासारखं नळकांडं आलं तर?
— एक मच्छीमार, मालिम

उत्तर : ते यान आहे की शस्त्र हे वरून कळत नाही, म्हणून शक्यतो डेकवर घेऊ नका. अक्षांश-रेखांश टिपा आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर किंवा १५५४ या क्रमांकावर तटरक्षक दलाला कळवा. डेकवर आलंच असेल, तर उघडू नका, ठोकू नका, हलवू नका. आत लिथियम बॅटरी असू शकते आणि पाणी शिरलेली बॅटरी बऱ्याच वेळानेही पेट घेते. जवळचा गॅस सिलिंडर आणि डिझेलचे कॅन बाजूला करा, खलाशांना लांब ठेवा.