डॅम्परला मराठीत काय म्हणावं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांनी विचारलंय : भूकंपासाठी इमारतीत बसवतात त्या डॅम्परला 'भूकंपरोधक' म्हणावं, 'धक्काशोषक' म्हणावं की आणखी काही?

माझं मत 'अवमंदक'. बोलताना डॅम्परच म्हणा, हरकत नाही. फक्त 'डंपर' लिहू नका. तो मुरूम वाहतो.

'भूकंपरोधक' मला मुळीच पटत नाही. जमीन हलायची ती हलतेच, इमारतही डोलते. डॅम्पर ते डोलणं कमी करतो आणि लवकर शमवतो. त्याच्या सिलिंडरमध्ये बहुधा सिलिकॉनचं दाट तेल असतं. इमारत डोलली की दट्ट्या सरकतो, तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि डोलण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. (२००१च्या भूकंपानंतर भुजचं जिल्हा रुग्णालय शिसं-रबराच्या बेअरिंगांवर उभारलं, ती पद्धत वेगळी. तिथे इमारतच पायापासून सुटी केलेली असते.)

'धक्काशोषक' बराच जवळचा, पण पुरेसा नाही. गाडीच्या शॉकअपमधलं ऑइल गेलं की स्प्रिंग शाबूत असूनही गाडी खड्ड्यानंतर उसळत राहते. स्प्रिंग धक्का घेते आणि परत देते. त्याला जिरवतं ते तेल, आणि डॅम्परचं काम तेवढंच.

'डॅम्प' या मूळ इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ गुदमरवणं, विझवणं असा आहे. ओलीचा अर्थ नंतरचा. म्हणून तर आपल्या साखर कारखान्यांत बॉयलरच्या धुराची वाट कमी-जास्त करणारी झडपही डॅम्परच. आच मंद करणं आणि कंप मंद करणं, दोन्हीला 'मंद' चपखल बसतो. भौतिकशास्त्रात 'अवमंदित दोलन' रुळलेलं आहेच.

शब्द नेमका हवा, कारण प्रश्न फक्त खांब-भिंतींचा नाही. रुग्णालयाचा सांगाडा टिकला, पण ऑक्सिजनची नळी तुटली, कपाटं आडवी झाली, छताचे पत्रे खाली आले, तर ते ऐन वेळी निरुपयोगी. डोलणं मंदावलं की आतलं सामानही वाचतं, हे 'रोधक'मधून कळत नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने कोल्हापूरही हादरलं होतं. इथे हा विषय परका नाही.

लिंग पुल्लिंगी धरावं : तो अवमंदक, ते अवमंदक. पुस्तकात 'श्यान अवमंदक' चालेल (श्यान म्हणजे दाट, सहज न वाहणारा द्रव). बातमीत मी 'तेलाचा अवमंदक' लिहीन.