आजी गेली. ती श्रद्धाळू कॅथलिक, मी चर्चला फारशी जात नाही. तिची आठवण कशी जपू? तिच्या जपमाळेचं काय करू?

जपमाळ फ्रेम करून भिंतीवर लावू नका. हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या घरात एकाने हेच सुचवलं होतं आणि त्याच्याशी माझं अजून धड बोलणं नाही.

माझी आजी वसईची, कुपारी, म्हणजे तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातली. आम्ही तिला बय म्हणायचो. जन्म १९३१चा, गेली २०१४ला. शेवटपर्यंत तांबडं लुगडं नेसली. वाडीत राजेळी केळी होती. पिकली की सोलून उन्हात वाळवायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, आणि आठवडाभराने सुकेळी झाली की केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. कच्ची केळी आणि ही सुकेळी घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला. पाटीसकट बायका बसतात तो सामानाचा डबा. तिची जपमाळ याच डब्यात व्हायची, कारण घरी सकाळी वेळ कुणाला होता?

जपमाळेत ५९ मणी असतात. बयच्या माळेत ५८ होते. तिसऱ्या दशकातला, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या गटातला, एक मणी कधीतरी गाडीच्या गर्दीत तुटून गेला होता. तिथे आली की ती नुसता दोरा चिमटीत धरायची आणि एक ‘नमो मरिया’ त्या दोऱ्यावर म्हणायची. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. झोपेत पेंगत असले तरी तिची बोटं तिथे अडखळली की मला कळायचं.

नायगावला तिची मैत्रीण चढायची. आगरी, पालेभाजी विकणारी, बयपेक्षा सातआठ वर्षांनी लहान. गाडीने नायगाव सोडलं की भाईंदरच्या खाडीचा पूल. मैत्रिणीच्या घरचं निर्माल्य तिथे खाडीत पडायचं, आणि ते टाकायची कोण, तर बय, कारण दाराजवळची जागा तिची. उजव्या हातात जपमाळ, दुसरं दशक चालू, आणि डाव्या हाताने मैत्रिणीच्या गणपतीचं निर्माल्य खाडीत. (आता हे करू नये, खाडीचं काय झालंय ते बघतोच आपण.) मला म्हणायची, ‘फादरला सांगू नको हां.’ मी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

सप्टेंबरात त्या दोघी वांद्र्याला मोतमाउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला जायच्या. मैत्रीण एकदा मेणाचा पाय घेऊन गेली होती, नवऱ्याच्या गुडघ्यासाठी. गुडघा बरा झाला का, ते मला माहीत नाही. तिने दुसऱ्या वर्षी परत पायच घेतला, त्यावरून काय ते समजा.

आता मुद्द्याचं. बय गेली तेव्हा माझा मावसभाऊ कॅनडाहून आला, बायको-मुलांना घेऊन. त्याने धर्मगुरूंना सांगून अंत्यविधीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) इंग्रजीत ठेवली. ‘मुलांना मराठी येत नाही, त्यांना कळायला हवं.’ मोठ्या माणसांपैकी कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. हे मला अजून सलतं.

कारण बयने अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली होती. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. काय चाललंय ते कळत नसे, म्हणून सगळ्या बायका मागे आपापल्या जपमाळा ओढत बसायच्या. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ चालली आणि त्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाली. म्हणजे बय पस्तिशीच्या आसपास असेल तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की फादर वेदीवर नक्की काय म्हणतात. ती सांगायची, घरी येऊन आजोबांना सगळं परत म्हणून दाखवलं होतं, पोळपाट-लाटणं हातात तसंच. आणि या बाईला निरोप देताना आपण परत न कळणारी भाषा आणली.

प्रवचन छान होतं. प्रेमळ आजी, श्रद्धाळू माता, कुटुंबासाठी झिजलेली. नाव बदललं तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आजीला चाललं असतं. फादर नवीन होते, त्यांचा दोष नाही. त्यांना माहिती देणारे आम्हीच.

शेवटच्या बाकावर ती नायगावची मैत्रीण बसली होती. नातवाला घेऊन आली होती, पदर डोक्यावर. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर तिने माझा हात धरला. ‘फादर काय बोलले गो आमच्या बायविषयी?’

मी मराठीत सांगायला लागले. प्रेमळ होती, देवाची भक्त होती, वगैरे. ती ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, ‘मग पाटीचा नाय सांगितला काय?’

कुठली पाटी? तर मैत्रीण तिसऱ्या खेपेला बाळंत झाली तेव्हा सव्वा महिना घरात होती. नवऱ्याला काम नव्हतं. तो सव्वा महिना बय नायगावला गाडी थांबली की दारातून तिची भाजीची पाटी आत ओढून घ्यायची. मैत्रिणीचा दीर फलाटावर आणून द्यायचा. दादरला दोन पाट्या मांडून बसायची आणि संध्याकाळी परतताना भाजीचे पैसे वेगळ्या फडक्यात बांधून दिराच्या हाती द्यायची. एका गाठीत नोटा, दुसऱ्या गाठीत चिल्लर. ‘येक पैसा तिने ठेवला नाय,’ मैत्रीण म्हणाली. ‘पण वर घातला का, ते मना आजून समजला नाय. मेथी तवा येवढी जायची नाय कदी.’

आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या आईलासुद्धा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जेवढं मला येतं तेवढं. जपमाळ वापरा, म्हणता येत नसेल तर नुसती खिशात ठेवा. तुटलीच तर कचऱ्यात टाकू नका. आशीर्वाद दिलेली वस्तू आपल्यात पुरतात किंवा जाळतात, एवढं फादरही सांगतील. पॅरिश ऑफिसात जाऊन तिच्या नावाने मिस्सा लावा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्ती आणि फुलं घेऊन जा. यासाठी तुमचा विश्वास लागत नाही, तिचा होता तो पुरतो. आणि मिस्सा तिच्या भाषेत लावा. इंग्रजी मोठी वाटते कुणाला तर त्याला सांगा, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सना ख्रिस्ताची कथा मराठीत लिहावीशी वाटली, १६१६ साली ती छापलीही गेली. मी हे मावसभावाला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

उत्तर नंतर आलं, महिन्याच्या मिस्सेच्या वेळी. ती मी भांडून मराठीत लावली. तो म्हणाला, ‘बय घरी कादोडी, आपली कुपारी बोली, बोलायची. चर्चमधली मराठी तरी तिची कुठे होती?’ याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. आणि हेही सांगायला हवं की तिच्या शेवटच्या दोन वर्षांच्या औषधांचे पैसे त्यानेच पाठवले, दर महिन्याला, न सांगता. त्याची मुलं शवपेटीजवळ खरंच रडली. कदाचित त्यांना त्या दिवशी काहीतरी कळणं गरजेचं होतं. तुमच्या घरात सगळे इंग्रजी किंवा कोकणीतच प्रार्थना करत असतील तर माझं वरचं सगळं सोडून द्या.

एक मात्र करा, आणि या महिन्यातच करा. तिच्या मैत्रिणी शोधा. चर्चमधल्या नव्हेत, त्या तुम्हाला ठाऊक असतीलच. गाडीतल्या, बाजारातल्या, बावखलावर (वाडीतल्या तळ्यावर) धुणं धुणाऱ्या. त्यांना फोन येत नसतो, घरी जावं लागतं. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका.

जपमाळ माझ्याकडे आहे. मावसभावाने पोर्तुगालच्या फातिमा तीर्थाहून आणलेली नवी पांढरी माळ बयच्या हातात गुंडाळली होती, तीच तिच्याबरोबर गेली. गेल्या वर्षी जुनीचा दोरा फारच विरला, म्हणून ओवून आणायला दिली. दुकानदार म्हणाला, एक मणी कमी आहे, घालून देऊ का? मी नको म्हटलं. त्याने तरी घातला, वर पैसेही घेतले नाहीत. घरी येऊन मी तो कापून काढला.