मेस्त्रींना विचारा : नऊ महिने उभ्या गाडीचं ऑइल

प्रश्न : मेस्त्रीकाका, नमस्कार. वडिलांच्या वेळची टाटा २०७ पिकअप आहे, २००१ ची, बिनटर्बोची. वडील जाऊन चार वर्षं झाली, पण गाडी विकवत नाही. मार्च ते मे बागेतून आंब्याच्या पेट्या आणायला वापरतो, एक फेरी सहा-सात किलोमीटरची. हंगामात दोन-तीनदा माल भरून फोंडा घाटानं कोल्हापूर. मग मांगरात उभी, ती थेट पुढच्या मार्चपर्यंत. मधे गणपतीचं सामान आणायला निघाली तर निघाली. वर्षाला अडीच हजार किलोमीटरही होत नाहीत. दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. ऑइल तीन वर्षांनी एकदा, हंगामाच्या तोंडावर बदलतो. वडिलांच्या जुन्या बिलावर १५डब्ल्यू-४० लिहिलंय. दुकानदार म्हणतो, जुनं इंजिन आहे, २०डब्ल्यू-५० घाला. मुंबईचा भाऊ म्हणतो, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घाल आणि पाच वर्षं विसरून जा. गेल्या आठवड्यात ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून साईसारखं पिवळट काहीतरी चिकटलेलं. कुणाचं ऐकू?
— एक आंबा बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : वडिलांच्या बिलाचं ऐका. १५डब्ल्यू-४०, साधं मिनरल, डब्यावर एपीआय सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस लिहिलेलं, डिझेल इंजिनचं. विषय इथंच मिटला असता, पण तुमच्या पत्रात ऑइलच्या नंबरापेक्षा काळजीच्या तीन गोष्टी आहेत : रविवारची पाच मिनिटं, तीन वर्षांतून एकदा, आणि ‘हंगामाच्या तोंडावर’.

आधी नंबराचं बोलू, म्हणजे दुकानदार आणि भाऊ दोघांनाही उत्तर देता येईल. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती हलतं ते सांगतो. १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० अंशाला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ ला. देवगडात पौषातल्या पहाटेही स्वेटर कपाटातच असतो, तेव्हा या आकड्यासाठी जीव टाकायचं कारण नाही. मागचा आकडा मात्र आपल्या कामाचा. इंजिन तापल्यावर, १०० अंशाला, ऑइलमध्ये किती दाटपणा उरतो ते तो सांगतो. ४० नंबरचं ऑइल तेव्हा साडेबारा ते सव्वासोळा सेंटिस्टोकच्या (हे दाटपणा मोजायचं माप) आसपास असतं, ५० नंबरचं त्याच्या वर, बावीसच्या आत. कोकमाचं आगळ आणि काकवी शेजारी शेजारी ओतून बघा, म्हणजे दाटपणातला फरक कशाला म्हणतात ते कळेल. एवढा मोठा फरक या दोन ऑइलांत नसतो, पण दिशा तीच.

दुकानदाराचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. घासलेल्या इंजिनात, भर उन्हात, माल भरून फोंडा चढताना दाट ऑइल प्रेशर टिकवतं. पण तुमची गाडी महिनोन् महिने उभी असते. तोवर बेअरिंगवरचं, रॉकरवरचं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये बसलेलं असतं. पहिल्या सेल्फला ते वर पोचायला जितका वेळ लागेल तितका वेळ लोखंड लोखंडावर घासणार. तिथं थोडं पातळ बरं. घाट चढून दाजीपूरला चहाला थांबाल तेव्हा इंजिन चालू ठेवा आणि ऑइलचा लाल दिवा बघा. विझलेला राहिला तर ४० पुरे. मिणमिणायला लागला तर २०डब्ल्यू-५० घालण्याआधी गॅरेजमध्ये गेज लावून प्रेशर मोजून घ्या. दाट ऑइल घालून दिवा विझवणं म्हणजे ताप बघायचा नाही म्हणून थर्मामीटर लपवणं.

भावाचं ५डब्ल्यू-४० गाडीला बाधणार नाही. तापल्यावर तेही ४०च. पण सिंथेटिकचे पैसे वसूल होतात कडाक्याच्या थंडीत, नाहीतर हजारो किलोमीटर पळणाऱ्या गाडीत. तुमच्याकडे दोन्ही नाही. ‘पाच वर्षं विसर’ हे तर उभ्या गाडीला मारक आहे, ते का ते खाली येतंयच. सिंथेटिक घातलं की जुनी गाडी गळते, असंही कुणीतरी सांगेल. माझ्या गॅरेजात एका जुन्या जीपला ते घातलं आणि पंधरवड्यात क्रँकच्या मागच्या सीलमधून थेंब सुरू झाले. गिऱ्हाइकानं ऑइलला शिव्या घातल्या. सील काढलं तर ते रबर नव्हतंच, बांगडीची काच झालेली. वीस वर्षांचा मळ तिथं बूच बनून बसला होता, नव्या ऑइलनं तो धुऊन काढला, एवढाच त्याचा गुन्हा.

सीआय-४ विषयी दोन शब्द. एपीआय ही अमेरिकेतली संस्था ऑइलची प्रत ठरवते. सी म्हणजे डिझेलची पायरी, एस म्हणजे पेट्रोलची. सीएफ-४ आली १९९० मध्ये, सीएच-४ १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये. तुमची गाडी निघाली तेव्हा आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत २५०० भागांपर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यावर, ते १० वर आलं. गंधक जळून आम्ल होतं आणि ते मारायला ऑइलमध्ये अल्कली घातलेली असते. आता गंधक गेलं म्हणून स्वस्तातलं सीएफ-४ उचलू नका. काजळी धरून ठेवायला आणि गंज अडवायला नव्या पायरीचं ऑइल कितीतरी सरस आहे, आणि डब्यामागे फरक पडतो तो दोन वेळच्या मासळीएवढा. सीके-४ मिळालं तरी चालेल. पेट्रोल कारचं, नुसतं एसपी लिहिलेलं, नको.

आता खरी गोष्ट. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. दचकू नका, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती परत उडून जाते. थंड असेल तर तिथंच थिजते, जळण्यातली आम्लं तिच्यात विरघळतात, अर्धवट जळलेलं डिझेल सोबतीला येतं. तुमच्या झाकणाखालची साय ती हीच : पाणी आणि ऑइल घुसळून झालेली. दर रविवारी पाच मिनिटं तुम्ही इंजिनाला हे एकेक घोट पाजताय. डिझेल इंजिन नुसतं उभ्यानं चालवून तापत नाही. पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल मागेच असतं, त्याला तापायला रस्ता लागतो, भार लागतो. म्हणून महिन्यातून एकदा गाडी काढा, अर्धा-पाऊण तास, वीस-पंचवीस किलोमीटर, शक्य तर चढाच्या रस्त्यानं. ते जमत नसेल तर सेल्फ मारूच नका. बॅटरीची काळजी असेल तर तिची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा.

साय दिसली म्हणून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी, गेलं असं लगेच धरू नका. झाकण पुसा, रेडिएटरमधल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि एकदा लांब जाऊन या. साय परत आली नाही आणि पाणी हललं नाही, तर तो रविवारचा प्रसाद होता. पाणी उतरत असेल, किंवा डिपस्टिकवरचं ऑइलच दुधी दिसत असेल, तर गाडी ओढून गॅरेजला न्या. आणखी एक जुनी युक्ती : डिपस्टिकवरचे दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका, अंगणात, चार हात लांब राहून. तडतडलं तर पाणी आहे. पत्रा म्हणतोय, भाकरीचा तवा नव्हे. आमच्या घरात या प्रयोगावरून एकदा ‘गॅरेजातच जेवा जा, हंयसर येव नकात’ इथपर्यंत गेलं होतं.

हंगामाच्या तोंडावर ऑइल बदलता, तेही उलटं करा. सगळे तसंच करतात. फेब्रुवारीत नवं ऑइल, तीन महिने राबवायचं, आणि तेच काजळीचं, आम्लाचं, डिझेल मिसळलेलं ऑइल घेऊन गाडी पावसात उभी. पाऊस तरी कसला? सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. मांगराच्या भिंती घाम गाळतात, तिथं इंजिनाचं काय! दिवसा हवा तापते, रात्री गार होते, प्रत्येक वेळी थोडी दमट हवा आत शिरते आणि आतल्या लोखंडावर दव धरतं. ऑइल चाललेल्या किलोमीटरनं जुनं होतं हे खरं, पण कॅलेंडरनंही होतं, आणि तुमच्याकडे कॅलेंडरच जास्त चालतं.

मी हे एका मॅटाडोरच्या पोटात पाहिलंय. दोन भावांच्या वाटणीत ती गाडी दोन पावसाळे एका पडवीत अडकली. आत ऑइल शेवटच्या हंगामाचंच. तिसऱ्या वर्षी सेल्फ मारला तर खालून खडखड. इंजिन उतरवलं. लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीला, जिथं रिंगा थांबल्या होत्या नेमक्या तिथं, गंजाचे गोल वळ. बेअरिंगचे अर्धगोल हातात घेतले तर त्यांचा चकचकीत थर करडा पडलेला, सुईनं टोचल्यासारखी भोकं. आम्लानं खाल्लेले. किलोमीटर म्हणाल तर त्या ऑइलवर दोन हजारही झाले नव्हते. दोघा भावांनी इंजिनाचा खर्च अर्धा-अर्धा दिला, वाटणीतली ती पहिली गोष्ट बहुतेक भांडण न होता झालेली. कोल्हापूरला उद्यमनगरात मी शिकायला होतो तेव्हा आमचे वस्ताद म्हणायचे, ‘फिरती गाडी मरत न्हाई लेका, उभी गाडी मरत्या.’ तेव्हा मला वाटायचं, म्हातारा टायरांबद्दल बोलतोय.

तर मे संपता संपता, शेवटची पेटी गेली की मृगाच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदला, दरवर्षी, मीटर काहीही दाखवू दे. आधी गाडी वीस किलोमीटर पळवा, म्हणजे मळ ऑइलात तरंगत असतानाच खाली येईल. ड्रेनच्या बोल्टाचा तांब्याचा वायसर नवा टाका, दहा-वीस रुपयांसाठी मांगरात डाग नको. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर बसवण्याआधी त्यात ऑइल भरा, सीलला बोट फिरवा. नवं ऑइल डिपस्टिक बघत बघत घाला, वरच्या खुणेच्या वर नाही. मग गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोचेल, आणि उभी करा. दोन दिवसांनी डिपस्टिकवर ऑइल काळं दिसेल आणि तुम्ही मला पत्र लिहाल. लिहू नका. डिझेलचं ऑइल काजळी पोटात घेतं म्हणूनच काळं होतं. काळं झालं नाही तर मला काळजी वाटेल.

मार्चमध्ये पहिल्यांदा काढताना डिपस्टिक बघा. गाडी बंद करायची ओढण्याची नॉब असेल तर ती ओढून धरा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद दोनदा-तीनदा मारा, मधे मिनिटभर थांबून. इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल, ऑइल वर चढेल. लाल दिवा विझला की नॉब सोडून सुरू करा, आणि लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. पोरांना नव्या वर्षाच्या पहिल्या सेल्फलाच गुरगुर ऐकायची हौस असते.

डबा सीलबंद घ्या, बिल घ्या. ड्रममधलं सुटं ऑइल घेऊ नका, आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा. नाहीतर तोच डबा नकली ऑइल पोटात घेऊन परत बाजारात येतो. दाटपणा वाढवायची, धूर घालवायची बाटली दुकानदार पुढं करेल, ती त्याच्याच फळीवर शोभते. निघालेलं ऑइल गॅरेजला परत द्या. वाळवीसाठी वाशांना फासतात हे माहीत आहे, आमच्या जुन्या घरालाही फासलेलं आहे. पण कलमांच्या बुंध्याला नको आणि विहिरीच्या आसपास तर थेंबही नको. जांभ्यातून खाली जायला त्याला वेळ लागत नाही.

प्रश्न : ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ऑइलचे काही लिटर उरलेत. घरच्या जुन्या बोलेरो पिकअपमध्ये चालतील का? पिकअप फक्त आठवडी बाजाराला जाते.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : कुठलं ऑइल, ते लिहिलं नाहीत. ट्रॅक्टरला दोन ऑइलं लागतात. इंजिनाचं असेल, १५डब्ल्यू-४० आणि सीएच-४ किंवा त्यापुढचं, तर बिनदिक्कत घाला. इंजिनाला बिल कुणाच्या नावाचं ते कळत नाही. पण गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलात बुडालेल्या ब्रेकसाठीचं जे एकच ऑइल मागच्या पेटीत जातं, ते इंजिनात अजिबात नको, रंग आणि दाटपणा कितीही सारखा दिसू दे. काजळी आणि आम्ल झेलायचं काम त्याला शिकवलेलंच नाही. डब्यावर इंजिन ऑइल असं सरळ छापलेलं नसेल तर तो ट्रॅक्टरजवळच ठेवा. आणि उघडा डबा झाकण घट्ट लावून, जमिनीवर नको, फळीवर ठेवा.